सुटलेल्या पाण्याचा हिशेब

कोलाडजवळच्या कुंडलिकेला वेळापत्रक आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि होळी झाली की डोहापुरत्या उरतात. कुंडलिका भर वैशाखातही सकाळी भरून येते आणि नंतर ओसरते. साजे गावाच्या आसपास काठावर राफ्ट उतरवून ठेवलेल्या असतात, मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेली मंडळी लाईफ जॅकेटचे पट्टे आवळत असतात आणि गाईड पोरांचं लक्ष पात्रातल्या खुणेच्या दगडांवर असतं. दगड बुडाले की पाणी पुरेसं आलं. मग बारा-चौदा किलोमीटरची घसरण, दीड-दोन तास आरडाओरडा, ओले कपडे, भजी आणि चहा. दुपारपर्यंत नदी पुन्हा गुडघाभर होते.

हे पाणी पर्यटकांसाठी सुटत नाही. ते विजेसाठी सुटतं, आणि मुळात ते कुंडलिकेचंही नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा नदी अडवून टाटांनी मुळशीचं धरण बांधलं. मुळेचं पाणी स्वभावानं पूर्वेकडचं, भीमेत आणि पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाणारं. ते बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरावर पाडलं. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वेगाड्या या पाण्यावर चालल्या. त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं उठली. १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी आणि पांडुरंग महादेव बापटांनी जो लढा दिला त्यातूनच बापट 'सेनापती' झाले. धरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. राफ्टमध्ये बसून किंचाळणाऱ्या कुणाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण नदीवरच्या खेळाचा पैशातला हिशेब मांडायला बसलेल्या माणसाला ते ठाऊक असलं पाहिजे, कारण या पाण्याची पहिली किंमत कोलाडच्या पर्यटकानं नव्हे, मुळशीच्या शेतकऱ्यानं चुकवलेली आहे.

भिऱ्याहून निघालेलं पाणी खाली महानिर्मितीच्या ८० मेगावॅटच्या टेलरेस वीजघरातून पुन्हा एकदा जातं. मग नदीत येतं. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडतं, कालव्यांतून रोहा-माणगावच्या उन्हाळी भाताला मिळतं, धाटावच्या औद्योगिक वसाहतीला मिळतं, उरलेलं रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला लागतं. एकाच पाण्याला वीज, शेती, कारखाने, पिण्याच्या योजना असे धनी आहेत आणि प्रत्येकाची सरकारदरबारी फाईल आहे. बंधारा आणि वीजघर यांच्या मधल्या पट्ट्यात, जाता जाता, त्या पाण्यातून आणखी एक कमाई होते. तिला फाईल नाही. या पुस्तकाचा विषय ती कमाई आहे: नदीवर मजा करायला येणाऱ्या माणसामुळे काठावरच्या गावाला नेमकं काय मिळतं, किती मिळतं, आणि मिळालेलं किती टिकतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला भांडायला सोयीचं पडेल. नदीवर किती पैसा येतो हा प्रश्न दुय्यम आहे. आलेल्या रुपयातले किती पैसे गावात मुक्काम करतात हा पहिला प्रश्न, आणि पाण्याची वेळ कोण ठरवतं हा त्याच्याही आधीचा. पर्यटनाच्या जाहिरातीत किती पैसा येतो हा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला मात्र सातबारा, मजुरीची वही आणि वीजघराचं वेळापत्रक उघडावं लागतं.

'मूल्य' म्हणताना दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते, ती आधी सोडवू. १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेनं काही अर्थतज्ज्ञांना एक साधा दिसणारा प्रश्न विचारला: ज्या उद्यानाला तिकीट नाही किंवा नावापुरतं आहे, त्याची किंमत कशी काढायची? हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी पत्रानं उत्तर दिलं. माणूस तिकीट देत नसला तरी प्रवासाचा खर्च करतो. लांबून येणारा जास्त करतो, जवळचा कमी. उद्यानाभोवती अंतराची वर्तुळं आखा, प्रत्येक वर्तुळातून दर हजारी किती माणसं येतात ते मोजा, आणि खर्च वाढला की येणं किती घटतं ते बघा. त्यावरून मागणीचा आलेख निघतो, आणि जवळून स्वस्तात येणाऱ्यांच्या पदरात किती 'बचत' पडली तेही निघतं. ते लोक जास्त द्यायला तयार होते, पण त्यांना द्यावं लागलं नाही. ती बचत म्हणजे त्या जागेचं मूल्य. पुढे मॅरियन क्लॉसन यांनी १९५९ मध्ये ही पद्धत प्रत्यक्ष वापरून दाखवली आणि प्रवासखर्च पद्धत म्हणून ती जगभर रुळली. आपल्याकडेही जंगलं आणि तलाव यांच्या अभ्यासात ती वापरली गेली आहे.

पद्धत हुशार आहे, पण कोलाडला आणली की अडखळते. गोव्याला निघालेलं कुटुंब वाटेत एक रात्र कोलाडला थांबलं, तर मुंबईपासूनच्या पेट्रोलमधलं किती कुंडलिकेच्या खाती घालायचं? महामार्गाच्या रुंदीकरणाची वर्षानुवर्षं रखडलेली कामं, आणि त्यात वडखळ-नागोठण्याच्या कोंडीत गेलेले तीन तास, हे नदीच्या मूल्यात मिळवायचे की वजा करायचे? हा विनोद नाही. प्रवासात गेलेल्या वेळेची किंमत धरायची कशी, यावर या शास्त्रात पन्नास वर्षं वाद चालू आहे.

त्याहून महत्त्वाचं असं की, हे मूल्य पर्यटकाच्या पदरातलं आहे. पवईच्या माणसाला नदीत जो आनंद झाला त्याची ही रुपयांतली मोजणी. त्यातला एक पैसाही गावाला मिळालेला नसतो. धोरणाच्या कागदांत मात्र 'या नदीचं मनोरंजन मूल्य इतके कोटी' असं वाक्य येतं आणि वाचणारा समजतो की इतके कोटी काठावर वाटले गेले. धरणामुळे किंवा प्रदूषणामुळे समाजाचं काय बुडेल हे सांगायला हा आकडा उपयोगी आहे, आणि त्या कामासाठी मी त्याच्या बाजूनं भांडेन. गावाच्या कमाईचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

गावाचा हिशेब खर्चापासून सुरू होतो. त्याचा कणा म्हणजे गुणक. रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये रोजगाराच्या संदर्भात ही कल्पना मांडली आणि केन्स यांनी ती अर्थशास्त्राच्या मध्यभागी आणून बसवली. बाहेरून गावात रुपया आला. ज्याला मिळाला त्यानं त्यातला काही भाग गावातच खर्च केला, त्या दुसऱ्यानं पुन्हा काही भाग गावात खर्च केला, आणि प्रत्येक फेरीत उरलेला भाग गावाबाहेर गेला. कल्पनेतली उदाहरणं घेऊ. समजा एक पाहुणा ३,००० रुपये खर्चून गेला. राहण्याची जागा बाहेरच्या मालकाची, राफ्टिंगचा धंदा बाहेरच्याचा, किराणा घाऊक बाजारातून आलेला. गावाच्या हातात पडली ती साफसफाई, स्वयंपाक, राखण आणि होडी वाहण्याची मजुरी, म्हणू ६०० रुपये. आता प्रत्येक फेरीत रुपयातले २० पैसे गावात राहतात असं धरलं, तर ६०० चे एकूण ७५० होतात. पण तेच ३,००० रुपये गावातल्या घरी राहून, गावच्या माणसाच्या धंद्यावर खर्च झाले आणि १,५०० गावाच्या हातात पडले, शिवाय गावात चालती गिरणी, शिंपी, भाजीवाला, मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून फेरीगणिक ४० पैसे राहतात असं धरलं, तर १,५०० चे २,५०० होतात. पाहुणा तोच, नदी तीच, खर्चही तितकाच. गावाच्या पदरात मात्र तिपटीहून जास्त फरक. सरकारी तक्त्यात दोन्ही ठिकाणी 'पर्यटकाचा सरासरी खर्च ३,०००' असंच लिहिलं जाईल.

या उदाहरणातले आकडे मी गृहीत धरलेले आहेत, त्यामागची यंत्रणा गृहीत नाही. कोलाड परिसरात ती कशी चालते हे बघायचं तर जमिनीपासून बघावं लागतं. नदीकाठची वरकस आणि भातशेतीची जमीन गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर विकली गेली. कूळकायद्यानं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तरी मुंबईत इतके शेतकरी कुठून निघतात, हा प्रश्न रायगडात कुणी मोठ्यानं विचारत नाही. विकणाऱ्याला एकरकमी पैसा मिळाला. त्यात लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला, दारात गाडी आली. पुढची पिढी त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टात माळी, वेटर किंवा वॉचमन म्हणून लागली. मजुरी नियमित आहे, मुंबईला जाऊन खोलीत सहाजणांत झोपण्यापेक्षा बरी आहे, आणि हे मी उपरोधानं म्हणत नाही. ज्या कोकणानं शंभर-दीडशे वर्षं चाकरमानी मुंबईला पाठवले, तिथे पोरगा संध्याकाळी घरी जेवायला येतो ही मोठी गोष्ट आहे. पण जमिनीचा भाव पुढे जितका चढला, तो चढ विकत घेणाऱ्याचा झाला. नदीमुळे काठाच्या जमिनीला जी किंमत आली, तिचा सर्वांत मोठा घास पहिल्या खरेदीखतातच संपला.

ग्रामपंचायतीची अवस्था आणखी मजेची आहे. घरपट्टी बांधकामावर बसते. पक्क्या इमारतींचं रिसॉर्ट असेल तर पंचायतीला काहीतरी मिळतं. पण नदीकाठचा लोकप्रिय माल म्हणजे तंबू. तंबूवर किती घरपट्टी बसणार? पाहुण्यानं भरलेला जीएसटी केंद्राच्या आणि राज्याच्या तिजोरीत जातो. पंचायतीच्या वाट्याला उरतात रविवारी संध्याकाळच्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्या, गावातून घुसणाऱ्या गाड्या आणि पाण्याच्या योजनेवर पडलेला ताण. कमाई एका दारातून जाते आणि खर्च दुसऱ्या दारातून येतो, आणि या दोन दारांमध्ये पंचायतीच्या हातात एकही पावतीपुस्तक नाही. जिथे गावांनी आपल्या रस्त्यावर पार्किंगची किंवा स्वच्छतेची पावती फाडायला सुरुवात केली तिथे भांडणंही झाली, अधिकार कुणाचा म्हणून. तरी ती पावती हा गावाच्या हिशेबाचा पहिला खरा कागद आहे असं मला वाटतं.

नदीच्या काठाबद्दल एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदीचं पात्र सरकारचं. म्हणजे पाण्यावर कुणाची खाजगी मालकी नाही. पण पाण्यापर्यंत जाणारी वाट ज्याच्या सातबाऱ्यावरून जाते त्यानं कुंपण घातलं की नदी कागदावर सार्वजनिक आणि व्यवहारात खाजगी होते. बायांचे धुण्याचे दगड, गुरांचा उतार, कातकऱ्यांच्या मासे धरायच्या जागा या कुंपणांच्या आत जातात. पर्यटनाच्या हिशेबात या गोष्टी कधीच येत नाहीत, कारण त्यांना पैसे पडत नव्हते. खर्चावर आधारलेल्या अभ्यासांत तर स्थानिक माणूस मुद्दाम वगळला जातो. त्याचा पैसा गावात आधीपासूनच होता, तो 'नवा' नाही, असं त्यामागचं तर्कशास्त्र. तर्क बरोबर आहे. फक्त त्याचा परिणाम असा होतो की जो माणूस नदी सगळ्यांत जास्त वापरतो तो नदीच्या हिशेबात कुठेच नसतो. गंमत म्हणजे हॉटेलिंग यांच्या पद्धतीत याच माणसाच्या पदरात सर्वांत मोठी बचत पडते, कारण त्याचं अंतर शून्याच्या जवळ. पण सर्वेक्षण करणारा क्लिपबोर्ड घेऊन रिसॉर्टच्या दारात उभा राहतो, धुण्याच्या दगडापाशी नाही.

आता चांगली बाजू, आणि ती खरोखर चांगली आहे. राफ्टिंग इथे सुरू झालं तेव्हा गाईड ऋषिकेशहून आणि नेपाळहून यायचे. पाण्याचं वाचन हे कौशल्य आहे: कुठे लाट उलटी फिरते, कुठल्या दगडाखाली माणूस अडकतो, राफ्ट आडवी झाली तर कोणत्या बाजूला अंग टाकायचं. लहानपणापासून त्याच पाण्यात डुंबलेल्या पोरांनी हे भराभर उचललं. आज काठच्या गावांतली मुलं गाईड आहेत, रेस्क्यू कयाक चालवतात, थ्रो बॅग अचूक फेकतात, हिमालयातल्या नद्यांवर हंगाम करून येतात. रायगड जिल्ह्यात कुठे बुडीताची घटना झाली, पुरात माणसं अडकली, की कोलाडच्या राफ्टवाल्या पोरांना निरोप जातो. रात्री-अपरात्री ती राफ्ट गाडीवर टाकून निघतात. या कौशल्याची किंमत कुठल्याही पर्यटन अहवालात नाही. ते कौशल्य तयार व्हायला दर आठवड्याला नदीवर सराव लागतो, आणि त्या सरावाचा खर्च शनिवार-रविवारचे पाहुणे भरतात. म्हणजे अंधेरीच्या माणसाच्या राफ्टिंगच्या तिकिटातून महाडच्या पुरात अडकलेल्या माणसाची दोरी विणली जाते. नदीच्या खेळाचा सामाजिक लाभ दाखवायचा झाला, तर मी पहिलं उदाहरण हे देईन.

दुसरं उदाहरण पोपटीचं. थंडीत, वाल शेतात आले की, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, बटाटे, ओवा, मीठ भरायचं, मडकं उलटं ठेवून वर काटक्या-गोवऱ्यांचा जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. रायगडाबाहेर याची फारशी ओळख नव्हती. आता कोलाडच्या बाजूला हिवाळ्यात पोपटीच्या रात्री विकल्या जातात. हिशेबाच्या दृष्टीनं पोपटी ही फार सुंदर वस्तू आहे: वाल भातानंतरच्या ओलीवर त्याच शेतात आलेले, पाला बांधावरचा फुकटचा, मडकं जवळच्या कुंभाराचं, अंडी-कोंबडी वाडीतली, करणारे हात गावचे. रुपया आला तर जवळजवळ पूर्ण गावात राहतो. शेजारच्या टेबलावरच्या पनीर बटर मसाल्यातलं पनीर, लोणी, मसाला आणि आचारी सगळेच बाहेरून आलेले असतात. रिसॉर्टवाल्यांचा दोष नाही; पाहुणेच पनीर मागतात. तांदळाची भाकरी आणि सुकट मागणारे पाहुणे वाढले तर गुणकाचं गणित आपोआप सुधारतं.

मालकीचा फरक किती पडतो हे बघायला सिंधुदुर्गात देवबागला जावं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पर्यटन विकास महामंडळाची निवास-न्याहारी योजना आली, आणि इथल्या गाबीत मच्छीमार कुटुंबांनी आपल्याच घराला दोन खोल्या जोडल्या. होड्या त्यांच्याच. मासेमारी नसेल तेव्हा त्याच माणसानं डॉल्फिन दाखवायचे, नदीतून फेरी मारायची, कर्लीच्या मुखाजवळच्या 'त्सुनामी आयलंड' म्हणवणाऱ्या वाळूच्या बेटावर पाहुणे सोडायचे. जेवण घरातल्या बाईच्या हातचं आणि तिचा शब्द पाहुण्यावर चालणारा. तिथे अडचणी नाहीत असं नाही. गर्दी आहे, वाळू सरकते आहे, एकमेकांचे दर पाडणं आहे, आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबासाठी गेलेल्यांची बोट उलटून माणसं गेली तेव्हा सगळा किनारा हादरला होता. पण घर आणि होडी गावाची असल्यामुळे पैसा गावात थांबतो, आणि मुख्य म्हणजे धंदा नको वाटला तर माणूस पुन्हा जाळं घेऊन समुद्रात जाऊ शकतो. जमीन विकून वॉचमन झालेल्याला ती मुभा नाही.

असल्या कमाईचा ठिसूळपणाही सांगितला पाहिजे. जून २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं, नियम आणि धोरण होईपर्यंत राज्यातलं राफ्टिंग बंद ठेवायला सांगितलं. ऋषिकेश-शिवपुरीच्या पट्ट्यात हजारो लोकांचं पोट गंगेवरच्या राफ्टवर चालतं. एका आदेशानं हंगामाचं शेपूट कापलं गेलं. न्यायालयाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नदीकाठावर छावण्यांची बेबंद गर्दी झाली होती आणि नियम नीट नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत सगळंच बंद झालं. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यावर, जिथून कुंडलिकेचा उगम मानतात, दर पावसाळ्यात बुडण्याच्या घटनांमुळे प्रशासन बंदी घालतं आणि वाटाडे म्हणून जाणाऱ्या स्थानिक पोरांचा ऐन हंगाम जातो. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा भर नोंदणी आणि सुरक्षिततेवर आहे, आणि तो योग्यच आहे. सुरक्षित धंदा टिकतो. एका अपघाताची बातमी दोन हंगाम खाते.

तरीही या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न पाण्याच्या वेळेचा आहे, आणि त्यासाठी एक परदेशी गोष्ट सांगतो, कारण ती कुंडलिकेच्या गोष्टीची जवळची नातेवाईक आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ओकोई नावाची नदी आहे. १९१३ पासून तिचं पाणी धरणापाशी उचलून डोंगराच्या कडेनं बांधलेल्या लांबलचक लाकडी पन्हळीतून वीजघराकडे नेलं जायचं. मधलं पात्र कोरडं असायचं. १९७६ मध्ये पन्हळ सडली म्हणून बंद केली आणि साठ वर्षांनी नदीत पाणी आलं. बघता बघता राफ्टवाले आले. त्या भागात तांब्याच्या खाणी होत्या, त्या मावळतीला लागल्या होत्या आणि १९८७ मध्ये बंद पडल्या. म्हणजे नदीचा धंदा आणि खाणीचा शेवट एकाच वेळी. टेनेसी व्हॅली अथॉरिटीनं पन्हळ दुरुस्त करून पाणी परत घ्यायचं ठरवलं तेव्हा राफ्टवाले आणि तिथल्या गावांनी हरकत घेतली. प्रश्न साधा होता: नदीत सोडलेल्या प्रत्येक तासाला किती वीज बुडते आणि त्याची भरपाई कोण करणार? शेवटी १९८० च्या दशकात अमेरिकी काँग्रेसनं बुडीत विजेपोटी ७४ लाख डॉलर मंजूर केले आणि वर्षातल्या शंभरावर ठरावीक दिवशी राफ्टिंगसाठी पाणी सोडण्याचा करार झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या कनू स्लालमच्या शर्यती याच नदीवर झाल्या.

या गोष्टीतला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग ऑलिंपिक नाही. बुडालेल्या विजेची किंमत काढून ती कागदावर आली, हा आहे. एकदा किंमत आली की खेळाच्या बाजूलाही आपली किंमत मांडावी लागली, आणि दोन आकडे एका टेबलावर आले. कुंडलिकेवर असं टेबल नाही. इथे खेळ विजेचा उपपदार्थ आहे. कुणाचं काही बुडत नाही म्हणून कुणी काही विचारत नाही. आणि म्हणूनच उद्या वेळ बदलली तर गावाला हरकत घ्यायला जागाही नाही.

वेळ बदलणार नाही असं मानायचं कारण नाही. सौर वीज वाढते आहे तशी दुपारची वीज स्वस्त होते आणि संध्याकाळची, सूर्य मावळल्यानंतरची वीज महाग. जलविद्युत हवी तेव्हा सुरू करता येते, त्यामुळे ती संध्याकाळसाठी राखून ठेवणं ग्रीडच्या दृष्टीनं शहाणपणाचं आहे. दिवसा स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं, अशा उदंचन प्रकल्पांचा सध्या जोर आहे. भिऱ्याला असा १५० मेगावॅटचा संच नव्वदच्या दशकापासून आहे आणि २०२३ मध्ये टाटा पॉवरनं भिवपुरी आणि शिरवटा इथल्या मोठ्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. या सगळ्याला माझा विरोध नाही. कोळशापेक्षा ते बरंच. पण कुंडलिकेत पाणी सकाळी आठऐवजी रात्री आठला आलं तर राफ्टिंग संपलं. रात्री राफ्ट सोडता येत नाही. असा निर्णय ज्या खोलीत होईल तिथे साज्याचा गाईड, पोपटी करणारा बचत गट किंवा पंचायतीचा सरपंच यांपैकी कुणी नसेल.

दुसरी बाजू पूर्वेची. मुळशीसह टाटांच्या धरणांचं पाणी कोकणात सोडण्याऐवजी भीमेच्या दुष्काळी खोऱ्याला द्या, ही मागणी जुनी आहे आणि दर कडक उन्हाळ्यात नव्यानं उठते. सोलापूरच्या शेतकऱ्याची तहान आणि कोलाडची राफ्ट एका तराजूत ठेवली तर मी राफ्टच्या बाजूनं मत देणार नाही. पण त्या तराजूत कोकणाच्या बाजूला वीज आणि उन्हाळी भात एवढंच ठेवलं जातं, काठच्या गावांची ही कमाई ठेवली जात नाही. कारण तिचा आकडा कुणाकडे नाही. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीत पाण्याच्या वापराचा अग्रक्रम दिला होता: पिणं, सिंचन, जलविद्युत, पर्यावरण, उद्योग, नौकानयन आणि शेवटी 'इतर उपयोग'. नदीवरचा खेळ त्या शेवटच्या दोन शब्दांत कुठेतरी होता.

खालच्या अंगाला काय होतं तेही या हिशेबात येतं. वीजघर ते बंधारा एवढ्या पट्ट्यात कुंडलिका स्वच्छ आहे म्हणून तिथे पाहुणे येतात. रोह्याच्या पुढे तिची अवस्था वेगळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचं नाव लागलेलं आहे. खाडीतल्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. वरच्या बारा-चौदा किलोमीटरची कमाई आणि खालच्या खाडीचं नुकसान एकाच नदीच्या वहीत लिहिलं, तर स्वच्छ पाणी किती रुपयांचं असतं याचा एक धडधडीत पुरावा एकाच तालुक्यात मिळेल, प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही.

पुढच्या पानांत वाचकानं मोठे आकडे शोधू नयेत. लहान आकडे शोधावेत: एका गाईडला एका फेरीचे किती मिळतात, मंगळवार-बुधवारी तो काय करतो, रिसॉर्टची भाजी कुठून येते, पंचायतीनं वर्षाला कचरा उचलायला किती खर्च केला, नदीकाठचे किती सातबारे गावातल्या नावावर उरले, पाणी किती दिवस किती वाजता आलं. शेवटच्या आकड्यासाठी कुठल्या खात्याची परवानगी लागत नाही. काठावर उभं राहून खुणेचा दगड कधी बुडाला ते लिहून ठेवलं की झालं, आणि ते लिहिणारी पोरं रोज तिथे उभीच असतात. दोन-तीन वर्षांची अशी वही एका गावाकडे असली, तर पाण्याची वेळ बदलण्याची चर्चा निघेल त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला त्या गावाकडे निदान एक कागद असेल.